सीमाच्या कुंकवातली गुलाबी कडा

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर दोन दिवसांनी रुहीच्या कपाळावर लाल चट्टा उठला आणि ट्रॉय या अमेरिकन गावातल्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकदम सामसूम झाली. एरवी तिथे सकाळी सहापासून गुड मॉर्निंगच्या फुलांचा सडा पडलेला असतो. रुही म्हणजे सुमेधाची मुलगी, इथेच जन्मलेली, आणि तिचं लग्न पुढच्या महिन्यात. नवरीच्या कपाळावरचा चट्टा हा घरचा प्रश्न राहत नाही.

संध्याकाळी सुमेधाने लिहिलं, "सगळ्याजणींनी आपापलं कपाळ नीट बघा, प्लीज." आणखी दोघींना खाज सुटली होती. कुंकू कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. इथे हळदीकुंकू कुणाच्याही घरी असो, कुंकू सीमाचं असतं. घरी केलेलं, हळद आणि चुन्याचं, आईने शिकवलेलं. रुहीच्या लग्नात प्रत्येक बाईच्या हातात द्यायच्या डब्यांमध्येही सीमाचंच कुंकू भरायचं ठरलं होतं. सीमाला या गावात दुसरं काही नाही. नोकरी कधी केली नाही, मुलं झाली नाहीत, गाणं येत नाही, आणि तिच्या पुरणपोळीबद्दल मी न बोललेलंच बरं. तिच्या नावापुढे जमेच्या बाजूला एकच रक्कम, ती म्हणजे हे कुंकू.

तेच आता खर्ची पडायला आलं होतं.

सुमेधाने मला फोन केला. "शुभा, तुला काय वाटतं? तिने बाहेरून आणून खपवलं असेल?"

"मला काही वाटत नाही," मी म्हटलं. अशा वेळी माणसाने काही वाटून घेऊ नये. ज्याला आधी वाटतं, त्याचंच नाव पुढे फिरतं.

मार्ग सुचवला तो सीमाच्या नवऱ्याने, मनोहररावांनी. मनोहरराव गाड्यांच्या रंगांच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पार्किंगमध्ये उभं राहून ते कुठल्या गाडीचा दरवाजा नंतर रंगवलाय ते सांगतात, आणि मालकाला ते ऐकायचं नसतं. त्यांचं दैवत म्हणजे रुंगे नावाचा एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ. दोनशे वर्षांपूर्वीचा. पार्टीत मनोहरराव रुंगेवर आले की लोक गाडीची चावी शोधायला लागतात. तरीही पाठ झालंय सगळ्यांना: त्याने एका विषारी झुडपाच्या रसाने मांजराच्या डोळ्यातली बाहुली मोठी करून दाखवली, कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं, कोळशाच्या डांबरातून रंग काढला. कोळशाच्या डांबरातून! आणि कारखान्याच्या मॅनेजरने तो रंग धंद्यात आणू दिला नाही. म्हातारपणी नोकरी गेली, पेन्शनवरून वाद. इथपर्यंत आले की मनोहररावांचा आवाज बसतो, कारण त्यांच्याही एका चंदेरी रंगाचं श्रेय त्यांच्या बॉसने खाल्लंय, अशी ही गोष्ट आहे. निदान मनोहररावांची तरी आहे.

तर मनोहरराव म्हणाले, "रुंगे टिपकागदावर थेंब सोडायचा. रंग पसरताना आपोआप वेगळे होतात, एकात एक कडी. कागद खोटं बोलत नाही. कॉफीचे कागदी फिल्टर आहेत ना घरी? मी दाखवतो."

शनिवारी आम्ही सुमेधाच्या किचनमध्ये जमलो. सुमेधा, तिचा नवरा यतीन, कपाळाला क्रीम फासलेली रुही, मी, आणि सीमा-मनोहरराव. सीमाने स्वतःचा करंडा हातात घट्ट धरला होता. कोट काढला नव्हता.

यतीन आयटीतला. तो स्वतःच्या पासवर्डवरही विश्वास ठेवत नाही. "मनोहर, यार, वाईट नको वाटून घेऊस," तो म्हणाला, "पण आरोपीही तुझ्या घरचा आणि जजही तुझ्या घरचा. हे काही ऑडिटमध्ये पास नाही होणार."

"मग तू कर," मनोहरराव म्हणाले.

"करतोच."

यतीनने आमच्याकडे पाठ करून दोन फिल्टरवर कुंकू ठेवलं. एक इंडियन स्टोअरमधल्या पाकिटातलं, एक सीमाच्या करंड्यातलं. कुठलं कुठे हे त्याने फक्त मला कानात सांगितलं, कारण मी कुणाच्याच बाजूची नाही असा इथे समज आहे. मनोहररावांनी ड्रॉपरने मधोमध स्पिरिटचे थेंब सोडले, आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

पहिल्या कागदावर गुलाबी रंग सरसर पसरला, लग्नाच्या मांडवासारखा भडक. दुसऱ्यावर पिवळा उमटला. छान, रुंद, हळदीचा पिवळा.

"दुसरं कुणाचं?" सुमेधाने विचारलं.

"सीमाचं," मी सांगितलं.

"पिवळं आलं! म्हणजे हळदच की गं!" सुमेधाने सीमाच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या चटकन ठेवला की मला कळलं, हिलाही हे संपवायचंय. तीनशे डबे कुठून तरी भरायचेच होते. "सॉरी हं सीमा. मग रुहीचं काहीतरी वेगळं असेल. शॅम्पू बदललास का गं?"

"आय डिडन्ट चेंज एनिथिंग, आई."

सगळं तिथेच मिटत होतं. यतीन चहाचं आधण ठेवायला वळलासुद्धा. मी सीमाकडे बघितलं. निर्दोष ठरलेली बाई आधी नवऱ्याकडे बघते, ताठ मानेने. सीमा कागदाकडे बघत होती.

मनोहररावही कागदाकडेच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पिवळ्याच्या आत एक बारीक गुलाबी कडा होती. आम्हाला ती दिसली होती, पण आम्हाला ती वाचता येत नव्हती. खोलीतल्या एकाच माणसाला वाचता येत होती, आणि तो गप्प बसला असता तर या गावात कुणालाच काही कळलं नसतं.

"थोडं व्हिनेगर द्या," ते म्हणाले.

"अहो, झालं ना आता," सीमा म्हणाली. हळू, पण फार हळू नाही.

त्यांनी व्हिनेगर टाकलं. पिवळा आणखी उजळला. गुलाबी कडा जिथे होती तिथेच राहिली, ढिम्म.

"हे शुद्ध नाही," मनोहरराव म्हणाले. "हळद आहे, पण त्यात बाजारचा रंग मिसळलाय. ही कडा बघा. हळदीची असती तर आंबटाने पिवळी झाली असती. पाकिटातलीच आहे."

यतीनने आधण बंद केलं.

"सांगितलंतच?" सीमा म्हणाली.

"जे दिसतंय ते सांगितलं."

"पंचवीस वर्षांत मी नवी साडी नेसले तेव्हा कधी दिसलं नाही तुम्हाला काही!"

रुहीने सरळ विचारलं, "सो मावशी, यू लाइड?" इथल्या मुलांना आडून बोलायला कुणी शिकवलेलं नसतं.

"हो," सीमा म्हणाली. "दर वेळी दोन चमचे टाकले. या वेळी पाकीट तेवढं वेगळं होतं." मग सुमेधाकडे वळली. "दोन वर्षांपूर्वी तुझ्याच घरी होतं हळदीकुंकू. तेव्हा नुसत्या हळदीचं आणलं होतं मी. काय म्हणाली होतीस? 'सीमा, कुंकू आहे की वीटभट्टी?' सगळ्या हसल्या. ही शुभापण हसली."

मी हसले होते. सगळ्याच हसल्या होत्या.

"आणि जेवण होईपर्यंत कपाळं पिवळी पडली. घाम आला ना हीटरने. तर बाथरूममध्ये पुसून तुम्ही पर्समधल्या टिकल्या लावल्यात, आणि घरी जाताना बोललात, भेसळ आहे म्हणून रंग उतरला. माझ्या कानावर आलं सगळं."

"अगं, पण घामाने पिवळं पडतं म्हणजेच ते खरं!" मनोहरराव मध्येच म्हणाले. "आम्लाने हळदीचा लाल..."

"तुम्ही गप्प बसा हो! हे तेव्हा सांगायचं होतंत. तेव्हा तुम्ही यतीनभावजींना मांजराची बाहुली सांगत होतात."

म्हणजे हिशेब असा झाला होता. खरं होतं तेव्हा आम्ही ते खोटं ठरवलं, आणि खोटं मिसळल्यावर दोन वर्षं तोंडभरून कौतुक केलं. सुमेधाचा चेहरा मी बघत होते. ती शरमली होती की नाही ते सांगता येणार नाही, पण डब्यांचा विचार करत होती हे नक्की.

"मी परत करून देते," सीमा म्हणाली. "नुसतं हळदीचं. पण ते तपकिरीच दिसणार. आणि पिवळं पडणार."

"फोटोत कसं दिसेल गं ते?" सुमेधा म्हणाली.

"आई, लुक अ‍ॅट माय फेस," रुही म्हणाली. "आय वॉन्ट द वीटभट्टी."

कोट अंगातच असल्याने सीमाला निघायला वेळ लागला नाही. दारात बूट घालताना तिने नवऱ्याला विचारलं, "तुमच्या त्या रुंगेचं लग्न झालं होतं का हो?"

"नाही. एकटाच राहिला."

"वाटलंच," म्हणून ती बर्फातून गाडीकडे चालू लागली. मनोहरराव मागून गेले. गाडी बराच वेळ नुसतीच चालू होती, हलली नाही.

पुढच्या शनिवारी सीमाच्या किचनमध्ये नवं कुंकू झालं. सुमेधाने सांगितलं होतं की ती नुसती मदतीला येतेय, पण येताना ती मलाही घेऊन आली, आणि रुहीला. मनोहररावांना सीमाने गराजमध्ये पाठवलं होतं. तिने बाह्या कोपराच्या वर सारल्या, दोन्ही तळवे आम्हाला उलटसुलट करून दाखवले, जादूगार दाखवतात तसे, आणि परातीत हळद ओतली.

सुमेधाने पाकीट उचलून मागची बाजू वाचली. "हळद कुठली गं ही?"

"दुकानातली."

आम्ही तिघी पाकिटाकडे बघत राहिलो. हिच्यातच भेसळ असली तर, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. गराजच्या दारामागून आवाज आला, "मी बघू का टेस्ट करून?"

"नको!" आम्ही चौघी एकदम म्हणालो.

सीमाने चुना कालवला. हळद तांबूस झाली, मग गडद, मग थेट वीट. रुहीने चिमूटभर घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं आणि हात ओट्यावर ठेवला. चट्टा उठतो का बघायचं होतं. सीमा त्या मनगटासमोर उभी राहिली, परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोर उभं राहतात तशी. आम्हीही वाकलो.

"तोवर चहा टाकू?" बऱ्याच वेळाने सीमाने विचारलं.

सुमेधाने मनगटावरून नजर काढली नाही. "नको गं," ती म्हणाली. "पावडरही दुकानातलीच असेल. नुसतं पाणी दे."