पाणपिसवांची परीक्षा

मावशीने तीस वर्षं निऑनच्या पाट्या केल्या होत्या. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, अक्षरासारखी वाकवायची, हवा काढून वायू भरायचा आणि वीज सोडायची. पुढे एलईडी आले आणि तिच्या दुकानाकडे काळं कुत्रंही फिरकेना. तरी ती रोज दुकान उघडून बर्नर पुसून ठेवायची.

अशाच एका सकाळी भाची आली. ती कापड रंगवणाऱ्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. फडक्यात गुंडाळलेली तडकलेली नळी तिने टेबलावर ठेवली.

"ही सातवी, मावशी. अर्धा तास चालते आणि फुटते."

"करतेस काय हिचं?"

"हवेत वीज खेळवायची. तुझ्या पाट्यांत पेटतो तसाच प्लाझ्मा होतो. ती हवा आमच्या सांडपाण्यात बुडबुड्यांनी सोडली की रंग तुटतो."

"म्हणजे तीस वर्षं मी प्लाझ्मा विकत होते आणि मला पत्ताच नाही!"

मावशीने नळी उजेडात धरली. तार काचेत शिरत होती तिथूनच तडा गेला होता. "तापल्यावर दोघं सारखी फुगत नाहीत. यांच्यामध्ये समजूत घालणारं कुणीतरी हवं." तिने मध्ये वेगळ्या काचेचा पदर दिला आणि नळी भट्टीत दिवसभर हळूहळू निवू दिली.

आठवी नळी फुटली नाही. कारखान्यात मावशीसमोरच ती जांभळी पेटली आणि गडद लाल पाणी तासाभरात नितळ झालं. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. "सोडा कालव्यात!"

"थांबा," भाची म्हणाली. तिने त्या पाण्यात वीस पाणपिसवा सोडल्या. तिळाएवढे जीव, पण पाण्यात विष असलं तर सर्वांत आधी तेच सांगतात. दुसऱ्या दिवशी सतरा मेल्या होत्या.

"पण पाणी स्वच्छ दिसतंय ना!" मॅनेजर म्हणाला.

"दिसायला मीही शांत दिसते," मावशी म्हणाली.

रंग तुटला होता, पण त्याचे विषारी तुकडे पाण्यातच होते. त्यांचा निकाल लावणारी उत्प्रेरकाची भुकटी भाचीकडे होती, फक्त ती पाण्याबरोबर वाहून जायची. मावशीने डोकं लढवलं. भुकटी काचेच्या मण्यांवर भाजून बसवली तर?

पहिल्या खेपेला आच जास्त झाली. भुकटी काचेत बुडाली आणि कामातून गेली. दुसऱ्या खेपेला आच कमी पडली, बोट लावताच सगळं झडलं. मावशी इरेला पेटली. पंधरा दिवस ती मण्यांची कड कशी लाल होते ते न्याहाळत बसली. गाभा कडक आणि नुसती साल ओली, असा एक क्षण असतो. तो तिने डोळ्यांनी पकडला आणि मणी भुकटीत लोळवले.

नळीतल्या हवेने नितळ झालेलं पाणी या मण्यांमधून फिरवलं. पुन्हा वीस पाणपिसवा, पुन्हा एक दिवस.

सकाळी भाची भिंग घेऊन मोजायला बसली. मावशी श्वास रोखून शेजारी. "अठरा… एकोणीस… वीस." भाची थांबली. मग पुढे मोजू लागली. "एकवीस, बावीस…"

"अगं, वीसच सोडल्या होत्यास ना?"

"सव्वीस!" भाची किंचाळली. "मावशी, एक व्यायली! आपल्या पाण्यात व्यायली!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आवाज ऐकून रंगारी धावत आले आणि भिंगासाठी रांग लागली. मॅनेजर सर्वांत शेवटी वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मोठ्या टाकीला किती नळ्या लागतील?" त्याने हळूच विचारलं.

"ऐंशी," मावशीने पदराने डोळे पुसत सांगितलं. "आणि हाताखाली चार माणसं. शिकवीन मी."