पावतीपुरता चहा

नव्या नियमाचं पत्र आलं तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोसाठी पट्टी कापत होतो. पत्र वाचलं, काही कळलं नाही, आणि त्या नादात पट्टी आखूड कापली गेली. फ्रेमा करण्यात हयात गेली, पण अशी चूक सहसा होत नाही. पत्र मी पुतणीच्या हातात दिलं. ती लोकांचे कर भरून देते. लोकांकडून पैसे घेते, मला फक्त बोलणी ऐकवते.

"काका, आता वर्षाअखेरीस खोकं घेऊन माझ्याकडे यायचं नाही," ती म्हणाली. "नव्या वर्षापासून जमाखर्च फोनवर नोंदवायचा आणि दर तीन महिन्यांनी सरकारला पाठवायचा. फ्रेमांचा धंदा वेगळा, वरच्या खोल्यांचं भाडं वेगळं."

खोकं म्हणजे बुटांचं खोकं. काचेची, खिळ्यांची, पुठ्ठ्याची बिलं मी त्यात कोंबतो आणि वर्षभर त्याच्याकडे बघत नाही. ते गेलं याचं मला काही दुःख नव्हतं.

"भाडं अजून रोखीनं घेता?"

"हो."

"त्यांना बँकेत टाकायला सांगू या. नोंद आपोआप येईल. तुम्हाला काही करायलाच नको."

तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला मात्र ते बरं वाटलं नाही.

वर बाई राहतात. एका खोलीत शिवणकाम, दुसरीत संसार. संसार म्हणजे त्या एकट्याच. नवरा वारल्यावर इथे आल्या, मुलगी लांब नोकरीला आहे. माझं लग्न राहून गेलं. आधी बहिणींची व्हायची होती, मग सवय लागली. तर बाई दर पहिल्या तारखेला भाडं द्यायला खाली येतात. आधी माझ्या डोक्यावरचं मशीन थांबतं, मग जिन्यात चपला वाजतात. तोवर माझा चहा उकळलेला असतो. मी पावती लिहायची आणि ती लिहून होईपर्यंत त्यांनी चहा घ्यायचा, असं कधीतरी ठरून गेलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

त्यामुळे पावती लिहायला मला वेळ लागतो. कधी पेन चालत नाही, कधी कार्बन उलटा लागतो. बहुतेक वेळा महिनाच चुकतो.

"मालक, एवढं घर सांभाळता आणि एक महिना सांभाळता येत नाही?" बाई म्हणतात. मग ती पावती फाडायची, दुसरी लिहायची, आणि दुसरी लिहायची म्हणजे आणखी अर्धा कप आलाच. फ्रेमच्या कोपऱ्यात केसाइतकी फट राहू न देणारा माणूस महिन्याचं नाव कसं चुकतो, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

बाकीचा महिना आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि जिन्यातला दिवा गेला का. मी वर जात नाही. एकट्या बाईच्या दारात घरमालकानं उगाच उभं राहू नये असं माझं मत आहे. या मतानं माझं काहीच भलं झालेलं नाही, पण आहे.

"रोख घेतलं तर चालणार नाही का?" मी पुतणीला विचारलं.

"चालेल की. पण मग दर वेळी हातानं नोंदवावं लागेल. का, काही अडचण आहे का?"

अडचण काय म्हणून सांगणार? "नाही, सहज विचारलं," म्हणालो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पुतणी तशीच वर गेली. बाईंचाही स्वतःचा धंदा, त्यांनाही हाच नियम लागू. त्यांच्या फोनवरही सगळं बसवून देते म्हणाली. बराच वेळ दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मी खाली काचा पुसत बसलो.

नव्या वर्षाची पहिली तारीख आली. मी नेहमीसारखा चहा टाकला. सकाळीच फोन थरथरला आणि भाडं जमा झाल्याचं दाखवून गप्प झाला. वर मशीन चालूच राहिलं. मी दोन्ही कप प्यालो आणि दिवसभर छातीत जळजळ घेऊन फिरलो.

दुसऱ्या महिन्यात एकच कप ठेवला. तेही बरं वाटेना, म्हणून दुसरा काढून ठेवला. माणूस परदेशी गेलं तर आठवण येते हे समजू शकतो. इथे माणूस छताच्या वर, पाय ओढत खिडकीपर्यंत गेलेलं कळतं, कात्री टेबलावर ठेवलेली कळते, आणि तरी मला आठवण यायची. 'मालक' म्हणताना त्या जी थट्टा करत, ती मला हवी होती. फोनवर आमचं सगळं खातं जुळलं होतं, एक ओळसुद्धा लाल नव्हती.

तिसरा महिनाही तसाच गेला. चौथ्याच्या पहिल्या तारखेलाही फोन थरथरला. मी तो उपडा ठेवला आणि कामाला लागलो. दुपारी मशीन थांबलं. जिन्यात चपला वाजल्या.

"मालक, पावत्या राहिल्यात," बाई दारातून म्हणाल्या. हाताला दोरा चिकटला होता. "गेल्या तिन्ही महिन्यांच्या. भाडं खर्चात दाखवायचं तर मला कागद लागतो. तुमचं काय, तुम्हाला नुसतं घ्यायचंच आहे."

"बसा, चहा टाकतो."

"टाका. कागदाशिवाय मी काही हलत नाही."

मी पुस्तक शोधलं, धूळ झटकली. मी इतका गडबडलो की तिन्ही पावत्या बिनचूक लिहिल्या गेल्या. इतक्या वर्षांत असा गाढवपणा केला नव्हता. चहा अजून उकळायचा होता आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाईंनी पावत्या हातात घेतल्या, एकेक लांब धरून वाचली. मग मधली माझ्यापुढे ठेवली.

"ही चुकली. महिना बघा."

मी बघितला. महिना बरोबर होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"चुकलाच," मी म्हणालो आणि फाडली.

त्याच आठवड्यात एका दुपारी पुतणी पहिला तिमाही हिशेब पाठवायला आली. टेबलावरचं पावतीपुस्तक बघून हसली. "हे अजून चालू आहे होय?"

"बाईंना लागतात. खर्चासाठी."

"कशाला? बँकेतली नोंद पुरते. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. दोनदा विचारलं त्यांनी. 'म्हणजे पावती आता लागणारच नाही?' म्हणे." तिनं फोनवर बोट दाबलं. "हं, गेला हिशेब. आता तीन महिने निवांत. हे पुस्तक टाकून देऊ?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन, कारण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पर्स उचलून गेली.

मी बसून राहिलो. दोनदा विचारलं होतं. आणि मी इथे दोन्ही कप पीत बसलो होतो. पुढची पहिली तारीख अजून कितीतरी लांब होती, आणि तोवर थांबणं मला अजिबात जमणार नव्हतं.

वर मशीन थांबलं. मी चहा केला, किटली आणि दोन कप ट्रेमध्ये ठेवले. पावतीपुस्तक घ्यायला हात गेला, पण ते टेबलावरच राहू दिलं. माझ्याच घराचा जिना मी चोरासारखा चढलो आणि दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज पहिली तारीख नाही, मालक," त्या म्हणाल्या.

"माहिती आहे," मी म्हणालो.

त्या दारातून बाजूला झाल्या, आणि खुर्चीवरचं कापड उचलून त्यांनी मला बसायला जागा केली.