आवडाबाई एकाकी होतात

द्वारकाबाईंनी फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं ते नवऱ्याच्या टायपायी.

त्यांचे यजमान फकिरराव पाटबंधारे खात्यात होते. एका सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि तसेच गेले. दहाव्याला फोटो हवा, तर घरात धड एक फोटो सापडेना. मग पुतण्यानं त्यांचं आधार कार्ड उचलून फोटो स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाल्यानं तेवढं मुंडकं घेतलं आणि त्याच्याकडं तयार असलेल्या धडावर बसवून दिलं. निळा कोट, लाल टाय, मागं गुलाबाची बाग. हयातभर ज्या माणसानं शर्टाचं वरचं बटण लावलं नाही, तो मेल्यावर विलायतेला निघाल्यासारखा फ्रेममध्ये जाऊन बसला. फुलंब्रीजवळच्या सासरच्या घरी तो फोटो टांगला, तेव्हा सासू आवडाबाईंनी डोळे बारीक करून बघितलं.

"ह्यो कोन सायब हाये? मपला फकिरा कुठाय?" त्या म्हणाल्या. आजवर त्या माउलीनं लेकाच्या फोटोपुढं उदबत्ती लावलेली नाही.

द्वारकाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, नव्वदीला टेकलेल्या. त्यांचाही फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा, त्यात त्या चोरी करताना पकडल्यासारख्या दिसतात. उद्या काही झालं तर त्यांनाही स्टुडिओवाला कुणाच्या तरी पैठणीत कोंबणार. ते होऊ द्यायचं नाही, हयातीतच त्यांचा खराखुरा फोटो आपल्या हातानं काढायचा, असं द्वारकाबाईंनी ठरवलं. मनपाच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, मुलाचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. शहरात औरंगपुऱ्यातल्या एका संस्थेत प्रौढांसाठी रविवारचा वर्ग निघाल्याचं कळलं, त्याच दिवशी जाऊन बसल्या.

आता त्या वर्गाबद्दल काय सांगावं! पोरं मार्गी लागली, गुडघे दुखायला लागले आणि योगासनांचा कंटाळा आला, की माणसं जिथं जातात तिथं ही सगळी जमली होती. शिकवायला नानासाहेब. अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि त्या बारा खिशांत मिळून एक बडीशेपेची पुडी. पुढच्या बाकावर दातांचे डॉक्टर काकासाहेब. त्यांची लेन्स कोपरापासून बोटापर्यंत लांब, आणि फोटो काढायचे ते बाल्कनीतल्या कबुतरांचे. बाकीचे 'वा सर, वा' म्हणण्यापुरते.

या मंडळींना एक रोग होता. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सुरकुती दिसली, की यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. दर रविवारी भिंतीवर फोटो दाखवायचे: बिडी ओढणारा म्हातारा, मोतीबिंदूवाला म्हातारा, बिडी ओढणारा मोतीबिंदूवाला म्हातारा. नानासाहेब डोळे मिटून म्हणायचे, "क्या बात है! काय वेदना आहे!" वेदना त्या म्हाताऱ्याला होती की नव्हती, ते विचारायला कुणी थांबलेलं नसायचं. फोटो काढून गाडीत बसायचं आणि पुढच्या ढाब्यावर शेवभाजी खायची.

द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी हात वर केला. "सर, माणूस समोर बघतोय, असा सरळ फोटो चांगला कसा काढायचा?"

वर्ग खुदकन हसला. नानासाहेबही हसले. "ताई, त्याला पासपोर्ट म्हणतात. तो नाक्यावर काढून मिळतो. आपण इथं कला शिकतो."

द्वारकाबाईंना राग आला, पण तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला मास्तरासमोर गप्प बसायची खोड असते. त्या गप्प बसल्या. हीच खोड पुढं नडली.

वर्षअखेरीला प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी नानासाहेबांना अस्सल खेडं हवं होतं, आणि तेही जेवायच्या वेळेला परत येता येईल इतक्या अंतरावर. द्वारकाबाई बोलून गेल्या, "माझ्या सासरी चला." त्यांचा हिशेब वेगळा होता. आत्याबाई एरवी कॅमेऱ्याला उभ्या राहत नसत. 'फोटू काढला की मानूस भिताडावर जातं,' म्हणायच्या. पण दारात पाहुणे आले तर त्या नाही म्हणणार नाहीत, एवढं द्वारकाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

झालंही तसंच. रविवारी दुपारी वर्गाच्या तीन गाड्या दारात उभ्या राहिल्या. घरात सतरा-अठरा माणसं. धाकटा दीर सांडू, जाऊ सारजाबाई, चुलत दीर कडूबा, सुना, नातवंडं, पतवंडं. सारजाबाईनं परातभर पोहे केले, घोटीव चहा केला. पाहुण्यांनी दोन-दोनदा मागून खाल्लं. पाहुणे फोटो काढणार हे कळल्यावर आवडाबाई म्हणाल्या, "थांबा, आलेच," आणि आत गेल्या.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो म्हटला की माणूस तोंड धुतो, केस बसवतो, ट्रंकेतलं ठेवणीतलं काढतो. फाटक्या कपड्यांत फोटो काढून घेईल असा माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय. आवडाबाई पुष्कळ वेळानं बाहेर आल्या त्या इरकली लुगडं नेसून. डांबरगोळ्यांचा वास ओटाभर पसरला. पायांत वहाणा, डोक्यावर नीट पदर, गुडघ्यांवर दोन्ही हात. ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हं. काढा."

द्वारकाबाईंचा ऊर भरून आला. हाच तो फोटो! त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"अरेरे!" नानासाहेब कळवळले. "आजी, सगळी मजा घालवलीत. मघाचं ते ठिगळाचं लुगडंच हवं होतं. तेच नेसून या बरं. आणि वहाणा नकोत."

आवडाबाईंना वाटलं, या रंगाचं यंत्राला वावडं असेल. पाहुण्यांचा शब्द कसा मोडायचा? त्या मुकाट्यानं उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या, आणि शेणाला जायच्या लुगड्यात परत आल्या. द्वारकाबाईंच्या हातातला कॅमेरा खाली आला. जिभेवर आलं होतं ते त्यांनी गिळलं. सर बोलत होते ना!

ऊन कलतीला आलं होतं. सोनेरी उजेड म्हणून सगळा वर्ग पिसाळला. नानासाहेबांनी घरच्यांना हाकललं. "सगळे बाजूला व्हा! फ्रेम रिकामी पाहिजे. माझ्या मागं या, मागं!" घरातली झाडून सगळी माणसं अंगणात, त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. धारेला निघालेला कडूबा चरवीसकट, आणि द्वारकाबाईही तिथंच उभ्या. "आजी, इकडं बघू नका, खाली बघा. तोंड उतरवा जरा." आवडाबाईंनी तोंड उतरवलं. मघापासून उतरलेलंच होतं. खटाखट बटणं दाबली गेली, आणि मंडळी शेवभाजी खायला निघून गेली. तेवढ्यात सूर्य बुडाला. द्वारकाबाईंचा फोटो राहिला तो राहिलाच.

महिन्याभरात प्रदर्शन लागलं. पहिलं बक्षीस नानासाहेबांच्याच फोटोला, कारण निवडसमितीत त्यांचेच दोस्त. दाराएवढा मोठा काळा-पांढरा फोटो. रिकाम्या ओट्यावर अनवाणी आवडाबाई, मान खाली, आणि पुढं अंगणभर लांबच लांब सावल्या. खाली नाव: 'एकाकी'. त्याखाली बारीक अक्षरांत: 'मुलं शहराकडे गेली. उरल्या त्या आठवणींच्या सावल्या.' पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी तर उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं, की या सावल्या घर सोडून गेलेल्यांच्या आहेत, त्या पाहून आपल्या अंगावर काटा आला. टाळ्या पडल्या. पोहे खाल्लेली माणसंही टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, आणि दुपारपर्यंत गावाच्या व्हॉट्सअॅपवर. लासूर स्टेशनच्या मामांनी सांडूला फोन केला, "का रं, मायला टाकली व्हय?" भावकीला तेवढंच हवं होतं. संध्याकाळी सांडूचा द्वारकाबाईंना फोन आला. त्याचा आवाज बसला होता.

"वैनी, तुम्ही आनलेले पाव्हने. आमी काय वंगाळ केलं हो त्यांचं? मी सकाळी तिला अंघोळीचं पानी काढून देतो अन् मंगच रानात जातो. लोकं तोंडावर थुकू राह्यले."

द्वारकाबाई तशाच उठून नानासाहेबांकडं गेल्या. "सर, खालचा मजकूर तरी काढा. तुम्ही त्या घरचे पोहे खाल्लेत."

"ताई," नानासाहेब बडीशेप चघळत म्हणाले, "पोह्यांचं सत्य वेगळं आणि कलेचं सत्य वेगळं."

द्वारकाबाई घरी आल्या आणि रडल्या. आत्याबाईंचा खरा फोटो काढायला निघालेली बाई, आणि तिच्याच हातून त्यांचा असा खोटा फोटो साऱ्या जिल्ह्यात फिरला! फकिररावांचा नुसता कोट खोटा होता. इथं अख्खं घरच पुसलं होतं. आता कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर जायचं, ते त्यांना कळेना.

जावं लागलंच नाही. बक्षीस समारंभाच्या दिवशी हॉलच्या दाराशी टेम्पो थांबला आणि आवडाबाईच आल्या. इरकली लुगडं, पायांत वहाणा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला सांडू, आणि मागं सगळा गोतावळा. कडूबा तर धारेची चरवी घेऊनच आला होता. शहरात आलोच आहोत तर रतीब टाकून जाऊ, हा त्याचा व्यवहार. स्टेजवरच्या मंडळींना वाटलं चुकून लग्नाचं वऱ्हाड शिरलं.

आवडाबाई थेट त्या दाराएवढ्या फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मग काठी उचलून एका सावलीला लावली.

"ही टोपी कुनाची रं?"

"मपली, माय," सांडू म्हणाला आणि पुढं होऊन त्या सावलीखाली उभा राहिला.

"ही कडंवर लेकरू घेतलेली?"

"म्या, आत्याबाई." सारजाबाई पुढं झाली. कडेवर तेच लेकरू होतं.

"अन् ही चरवी?" कडूबाला सांगावं लागलं नाही. त्यानं चरवी वर करून दाखवली. पुण्याच्या परीक्षकांचा काटा तोवर बसला असावा; ते चष्मा पुसायला लागले. एकेक सावली म्हातारीनं ओळखली, एकेक माणूस आपापल्या सावलीखाली जाऊन उभं राहिलं. काकासाहेबांचा आ वासलेला होता. दातांच्या डॉक्टरला ते शोभत नाही.

शेवटी काठी अगदी कडेच्या सावलीवर थांबली. "अन् ही कोन? गळ्यात डबडं लटकवलेली?"

द्वारकाबाई मागच्या रांगेतून उठल्या.

"मी हाये, आत्याबाई."

"व्हय ना. तू बी तिकडंच उभी व्हतीस." आवडाबाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मला लुगडं बदलाया लावलं, तवा तू काय बोलली न्हाईस."

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. सबब एकही नव्हती. सर काय म्हणतील, एवढ्याच भीतीनं त्यांनी सासूला ठिगळाच्या लुगड्यात बसू दिलं होतं. त्या रडत पुढं आल्या आणि गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. "आता काढते, आत्याबाई. तुम्हाला पाहिजे तसा काढते."

आवडाबाई तोवर पाहुण्यांच्या मखमली खुर्चीवर ऐसपैस बसल्या होत्या. गुडघ्यांवर दोन्ही हात.

"तू न्हाई," त्या म्हणाल्या. "तिकडं लई उभी राह्यलीस. तू हिकडं ये, मपल्याजवळ. फोटू ह्यो काढंल." काठीचं टोक नानासाहेबांकडं वळलं.

सगळा हॉल बघत होता. नानासाहेबांना कॅमेरा घ्यावाच लागला. सवयीनं ते पुटपुटले, "जरा नैसर्गिक…"

"सरळ बघा रं समदे!" आवडाबाई कडाडल्या. सगळे सरळ बघायला लागले. खुर्चीपाशी बसलेल्या द्वारकाबाईंच्या खांद्यावर म्हातारीचा हात पडला, आणि बटण दाबलं गेलं.

तो फोटो आता फुलंब्रीजवळच्या घरात, दारातून आत शिरताच समोर लावलाय. नानासाहेबांना पुढंही बक्षिसं मिळाली म्हणतात, मिळोत बापडे. पण कुणी आपल्या घरात खिळा ठोकून लावलेला त्यांचा फोटो असा हा एकच. द्वारकाबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं होतं, खाली काढणाऱ्याचं नाव घालायचं का म्हणून.

"कशाला?" आवडाबाई म्हणाल्या. "त्येनं नुस्तं बटन दाबलं."