सायलेन्सर नवा, टायर जुने

मी मोटरसायकल बोलतेय. आजवर मी फक्त गुरगुरले, धूर सोडला, फार झालं तर चढावर बंद पडून रुसले. माझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. माझ्यावर खर्च झाला नाही अशी माझी तक्रार नाही. खर्च भरपूर झाला. तो कुठे झाला, हे सांगताना मात्र अजून माझं इंजिन तापतं.

माझा जन्म कारखान्यातला. एकाने चाकं बसवली, दुसऱ्याने हँडल, आणि शेवटी एका बाईने माझा एकेक नट पिळून पाहिला. तिथून मी दुकानाच्या काचेआड आले आणि तिथून एका मोजणीदाराच्या घरी. लोकांच्या जमिनी मोजायचं त्याचं काम. त्याचे कपडे कायम चुरगळलेले, पण माझी चेन त्याने कधी कोरडी राहू दिली नाही. निघण्याआधी तो टायर अंगठ्याने दाबायचा, ब्रेक ओढून बघायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. त्याच्या बायकोला माझा रंग आवडत नसे. तो म्हणायचा, "मला कुठे दिसतो? मी तर वर बसलेला असतो."

पुढे त्याचे गुडघे गेले. मला विकताना त्याने नव्या मालकाला शांतपणे सांगितलं, "टायर तेवढे बदलून घ्या. दिसायला बरे आहेत, पण जुने झालेत. बाकी काही करू नका."

"हो काका, लगेच बदलतो," नवा मालक म्हणाला. त्याची नजर माझ्या सायलेन्सरवर होती.

हा नवा मालक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि त्याची बायको दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. तुम्हा दोघांमुळे आमच्या म्हातारपणाची सोय झाली, असं शेजारी त्यांना चिडवायचे. माणसं चांगली होती. चष्मेवाला तर स्वभावाने लोणी. फक्त त्याला वेगाचं वेड होतं, आणि वेग दुकानात मिळतो अशी त्याची पक्की समजूत होती.

गावाबाहेर विमानांची एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे सुट्टीच्या दिवशी एक बाई मोटरसायकल चालवायला शिकवायच्या. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलेलं. शिकवणी संपली की त्या प्लॅस्टिकचे शंकू मांडून ठेवत आणि ज्याला हवं त्याला त्यांच्यामधून फेरी मारू देत. चष्मेवाला शिकवणीच्या वेळी चहा पीत बसायचा आणि फेऱ्या सुरू झाल्या की मला घेऊन उठायचा. तिथे एक पाववाला यायचा. त्याची गाडी माझ्याहून जुनी, माझ्याहून अशक्त. तरी तो दर वेळी आमच्या पुढे.

कारण मला ठाऊक होतं. वळण आलं की चष्मेवाल्याचे खांदे आखडायचे. तो भलत्या वेळी ब्रेक दाबायचा, शंकूकडे टक लावून बघायचा, आणि वळण संपलं की मला अशी पिळायचा की जणू चूक माझीच. सरळ रस्त्यावर काय, मागे धक्का दिला तर पोतंसुद्धा पळेल.

"इंजिन कमी पडतंय," तो घरी येऊन बायकोला सांगायचा.

मग आला नवा सायलेन्सर. मी घराच्या कोपऱ्यावर वळले की पाळण्यातली पोरं दचकून उठायला लागली. वेग होता तेवढाच राहिला. लोकांना तो आधी ऐकू यायला लागला, इतकंच. मग आलं बुटकं हँडल, त्यावर वाकून मालकाचीच पाठ धरली. मग आले बोटाएवढे आरसे, त्यात फक्त त्याचं कोपर दिसायचं. चाकांत निळे दिवे लागले तेव्हा तर मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आत ब्रेकचं तेल काळं पडलेलं, ब्रेकच्या पट्ट्या झिजून कागद झालेल्या. अंगावर शालू आणि पायात फाटक्या चपला, अशी माझी गत.

बायको मागे बसायची. तिच्या डोक्यावर त्याचं जुनं हेल्मेट. "हे माझ्या डोक्यात गरगर फिरतं रे," ती सांगायची. घेऊ, तो म्हणायचा. घेऊ, नक्की घेऊ. शेवटी तिने स्वतःच पैसे बाजूला काढले आणि त्याला बजावून धाडलं, आधी टायर, मग हेल्मेट. टायरच्या दुकानासमोर त्याने मला उभी केली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. पण शेजारीच सजावटीच्या सामानाचं दुकान. तिथला मालक नुसता हसला आणि आमचा धनी आत ओढला गेला. बाहेर आला तो पेट्रोलच्या टाकीवर बसवायचं काळं चकचकीत आवरण घेऊन. घरी म्हणाला, टायर अजून बरे दिसताहेत. दुसऱ्यांना दिवसभर नीट दिसावं म्हणून काचा घासणारा माणूस, आणि स्वतःला एवढं दिसू नये!

व्हायचं तेच झालं. एका थंडगार सकाळी तो तिला कामावर सोडायला निघाला. पुढे पाण्याचा टँकर गळत गेला होता, वळणावर रस्ता ओला. वेगही फार नव्हता. त्याने घाबरून ब्रेक दाबला. मी जीव तोडून रस्त्याला धरायला गेले, पण धरायला रबर मऊ लागतं. माझं दगड झालं होतं. पुढचं चाक सटकलं आणि आम्ही तिघंही आडवी झालो. त्याला खरचटलं. तिचं हेल्मेट सुटून घरंगळत गटारापाशी गेलं. ती उजव्या हातावर पडली होती.

मनगट मोडलं. कपाळावर टाके पडले. डॉक्टर म्हणाले, डोकं थोडक्यात वाचलं. मनगट जुळेल, पण बारीक काम पूर्वीसारखं जमेल की नाही, ते नंतरच कळेल. तिचं तर सगळं कामच बारीक. कवळीचा एकेक दात ती बोटांच्या अंदाजाने बसवायची.

भेटायला आलेल्यांनी टँकरवाल्याला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, नशिबाला घातल्या. चष्मेवाला सगळ्यांना हो हो म्हणत होता. जिन्याखाली मी वाकड्या हँडलने उभी होते. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

फिरकली ती तीच. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत खाली आली, पायरीवर बसली आणि डाव्या हाताचं नख तिने माझ्या पुढच्या टायरमध्ये रोवून पाहिलं. नख आत गेलंच नाही.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला. "इथे नख लाव," ती म्हणाली. त्याने लावलं. मग मागच्या टायरलाही लावून पाहिलं.

"मी बदलणार होतो," तो म्हणाला.

"माहितेय. आता मी बदलते."

तिने हँडल सरळ करून घेतलं, नवा सायलेन्सर विकून जुना परत बसवला, दिवे विकले, ते आवरणही विकलं. घेतले तेव्हाच्या मानाने कवडीमोल मिळालं, पण त्यात स्वतःचे थोडे पैसे घातल्यावर माझे टायर आले, ब्रेकच्या पट्ट्या आल्या, नवं तेल आलं. तिने दोघांच्या डोक्यांना नीट बसणारी हेल्मेटं आणली, हातमोजे आणले. आणि उरलेल्या पैशांतून धावपट्टीवरच्या बाईंच्या शिकवणीत नाव घातलं. स्वतःचं.

"तू? आणि हा हात?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांना विचारलंय. बरा झाला की. पुन्हा मागे बसायची माझी तयारी नाही."

हात जुळला. काम हळूहळू परत आलं, थंडीत बोटं अजून आखडतात. पण तिने शिकवणी सोडली नाही. बाईंनी तिला आधी थांबायला शिकवलं. नुसतं थांबायला, पुन्हा पुन्हा, इतकं की मलाही कंटाळा आला. मग वळणं. काही महिन्यांनी एका सकाळी ती शंकूंमधून अशी निघाली की मला स्वतःचीच ओळख पटेना. इंजिन तेच. आवाज तर निम्मा. आणि आम्ही पाववाल्याच्याही पुढे होतो.

चष्मेवाला टाळ्या वाजवत धावत आला. "टायरचा फरक!" तो म्हणाला. मला रडू यावं की हसू, कळेना. तिने किल्ली त्याच्या हातात दिली. तेच टायर, तेच ब्रेक, तीच मी. तो पुन्हा शेवटून पहिला. परत येऊन म्हणतो, हवा थोडी जास्त झालीय बहुतेक.

त्या दिवशी घरी जाताना तो तिच्या मागे बसला. मंडईपाशी मोठं वळण आलं. ती खांदे सैल सोडून वळली, आणि मागे बसलेला तो, एरवी वळणावर लाकूड होणारा, तिच्याबरोबर अलगद कलला. वळण संपल्यावर त्याने विचारलं, "तू बघतेस कुठे गं?"

"जिकडे जायचंय तिकडे. तू बघतोस जिथे आपटायची भीती वाटते तिथे."

पुढच्या वळणावर तो तिच्या खांद्यावरून पुढे बघायला लागला.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, सीटला ठिगळ आहे. पण ब्रेक चोख आहेत आणि टायरमध्ये नख रुततं. तुमच्या घरी माझ्या जातीचं कुणी उभं असेल, तर तिला सजवू नका, मी हात जोडून सांगते. आधी ती थांबते का बघा. मग तुम्हाला चालवता येते का, तेही एकदा कुणाला तरी विचारा. त्या विचारण्यात कमीपणा वाटतो खरा. हाडं मोडण्यापेक्षा तो बरा.

चष्मेवाल्याचं म्हणाल, तर त्यानेही आता बाईंकडे नाव घातलंय. खांदे अजून आखडतात. ब्रेक अजून भलत्या वेळी दाबतो, माझा जीव मेटाकुटीला येतो. काल मात्र एका वळणावर त्याने ब्रेक सोडून दिला आणि मान वर केली. आम्ही फार हळू गेलो, वाकडेतिकडे गेलो, पण वळलो.