सगळंच पिवळं

यशोधनने टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर पुन्हा बदललं होतं. ही बातमी त्याने रेवतीला घरात पाळणा हलल्याच्या थाटात दिली.

"जुनं एकदम बेकार होतं यार! यात प्रत्येक टिपण दुसऱ्याला जोडता येतं. बघ, जाळं दिसतं, जाळं!"

मयूर विहारमधल्या त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर ठिपके होते, ठिपक्यांमध्ये रेघा होत्या. कोळ्याने भांग पिऊन विणावं तसं काहीतरी.

दोघं एकाच मार्गदर्शकांकडे, हेमलता मॅडमकडे, पीएचडी करत होते. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या आणि इथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांवर दोघांनी मिळून लेख द्यायचा होता. वाटणी सरळ होती. मुलाखती यशोधनने घ्यायच्या, उतरवायच्या, लेखाला उपयोगी ओळींवर खुणा करायच्या. त्यावरून लेख रेवतीने लिहायचा. तो सोमवारपर्यंत आला नाही, तर रेवतीला पीएचडीची मुदतवाढ नाही आणि तिने वाशिमला परत जावं, हे हेमलता मॅडमनी अत्यंत गोड शब्दांत सांगितलं होतं. यशोधनला कुठे जायचं नव्हतं. त्याचे वडील उपसचिव होते आणि फ्रिजमध्ये श्रीखंड होतं.

"टिपणं झाली का?"

"सगळी आहेत. इम्पोर्ट होतायत."

उन्हाळ्यापासून ती इम्पोर्टच होत होती. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला गरीब म्हणून सोडलं. दुसऱ्यात खुणेला रंग कमी होते. तिसऱ्यात रंग उदंड, पण जोडाक्षरं फुटायची. दर वेळी सगळा संसार नव्या घरी हलवायचा, आणि हलवाहलव म्हणजेच अभ्यास, असा त्याचा प्रामाणिक समज झाला होता. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे तेलाचा घाणाच चालू होता, नमनाचा पत्ता नव्हता.

"मला लॉगिन दे. आज शुक्रवार आहे."

"बिल्कुल! पण आधी माझी टॅगिंगची सिस्टीम समजून घे—"

"दे."

परतीच्या मेट्रोत तिने पहिली मुलाखत उघडली. पहाडगंजला आयुष्यभर शिकवणी घेतलेल्या कौशल्याबाई दाणींची. पान वरपासून खालपर्यंत पिवळं होतं. पिवळं म्हणजे महत्त्वाचं. "चहा टाकू का?" हेही पिवळं. "नको, आत्ताच झाला" हेही. समासात शेरे होते, ते सगळीकडे एकच: "नंतर बघणे." फक्त महत्त्वाचं दाखव, असं तिने यंत्राला सांगितलं. यंत्राने इमानदारीत सगळ्या मुलाखती दाखवल्या.

तिने तिथूनच फोन लावला. "यशोधन, सगळंच पिवळं आहे रे."

"अगं, आधीच कसं कळणार काय महत्त्वाचं ठरेल? म्हणून सगळं घेतलं. सेफ."

"मग खुणा कशाला केल्यास?"

"अच्छा, म्हणजे फिल्टर करता यावं म्हणून ना!"

तिने फोन ठेवला. त्याच्याशी भांडायलाही सोमवारनंतरच वेळ होता.

खोलीवर येऊन तिने सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये उतरवला. रंग गेले, जाळं गेलं, माणसं उरली. शनिवारभर ती वाचत होती आणि नको ते खोडत होती. कौशल्याबाईंपाशी ती थांबली. बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी परत जायचंय, म्हणून आम्ही क्वार्टरला कधी पडदे शिवले नाहीत. खिडकीला चादरच बांधायचो. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर शिवले, ते इथेच फ्लॅट घेतल्यावर."

हे त्याने समोर बसून ऐकलं होतं, स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, पिवळं केलं होतं. आणि शेजारी लिहिलं होतं: नंतर बघणे.

लेख चादरीपासून सुरू झाला. इतर घरांत शोधलं, तर तिथेही न उघडलेल्या ट्रंका निघाल्या, न घेतलेली कपाटं निघाली. रविवारी दुपारी तिने लेख मॅडमना पाठवला. लेखक म्हणून एकच नाव होतं, तिचं. मुलाखती कोणी घेतल्या, ते तळटीपेत. सोमवारी मॅडमचं उत्तर आलं, "मुदतवाढीवर सही केली आहे. एकच नाव यशोधनला मान्य आहे ना?"

तिने लेख यशोधनला पाठवला आणि सरळ विचारलं.

तासाभराने त्याचा मेसेज आला. लेख उघडलेला नव्हता, हे पहिल्याच ओळीत कळलं.

"वाचतो आरामात. आधी हे नवीन बघ यार, कमाल आहे! यात लेखकांची नावं आपोआप लागतात."