निळ्या पडद्यामागची एकशे चौदा घरं

हमीरभाई बारोटांनी सकाळी सातला कॉम्प्युटरला कुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली आणि बटण दाबलं. रोज यानंतर हिरव्या टेकडीचं चित्र यायचं. आज निळा पडदा आला. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. दहा. नऊ. आठ.

हमीरभाईंचं इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. पण उलटे मोजले जाणारे आकडे कुठल्याही भाषेत चांगले नसतात, एवढं त्यांना कळत होतं. ते चष्मा शोधू लागले. फळीवर नाही, गादीखाली नाही. कपाळावर सापडला तेव्हा आकडा एकवर होता. मग तोही गेला आणि अक्षरं भराभर वर सरकू लागली.

"अगं, इकडे ये!" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

आजचा दिवस साधा नव्हता. बारोटाचं काम म्हणजे यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवणं: कोण कुणाचा, कुठून आला, सून कुठल्या गावची केली. हमीरभाईंकडे कंथरपुराच्या पटेलांची एकशे चौदा घरं होती. अठरा वर्षांनी त्यांच्या कुलदेवीच्या देवळात आज वहीवाचन होतं. अकराला जीप येणार होती. बारोटाने देवीपुढे एकेका घराचं नाव पिढ्यांसकट वाचायचं आणि नाव वाचलं गेलं की त्या घराने पायरी चढून नारळ ठेवायचा. ज्याचं नाव निघालं नाही, ते घर खाली उभं राहतं. असं एकदा हमीरभाईंच्या आजोबांच्या हातून झालं होतं. एकच घर राहिलं होतं. त्या घराने पुढे चाळीस वर्षं बारोटाला पाणी विचारलं नाही.

आणि ही एकशे चौदा घरं आता या डब्यात होती. दोन वर्षं बसून, दोन बोटांनी, हमीरभाईंनी अकरा पिढ्या त्यात चढवल्या होत्या. सबंध सिद्धपूर तालुक्यात असं करणारे ते पहिले बारोट, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी ते स्वतःच घेत. चुलतभाऊ दलपत कागदावरच राहिला होता. तो म्हणायचा, "हमीरच्या पूर्वजांना आता वीज लागते." हमीरभाई म्हणायचे, "आणि तुझ्या पूर्वजांना वाळवी लागते." यजमान आले की ते आणखी एक गोष्ट सांगत. "आमचं यंत्र संस्कारी आहे हो. दिवेलागण झाली की आपोआप निजतं. मी कधी बंद केलेलं नाही." यजमान डब्याला हात जोडत.

तर त्या संस्कारी यंत्रावर आता एक ओळ आली. ओळीत एक शब्द ओळखीचा होता. के, ए, एन, टी, एच... कंथरपुरा. फाइलला ते नाव त्यांनी स्वतः दिलं होतं. त्याच्या आधी एक लांब शब्द होता. तोही कुठेतरी पाहिल्यासारखा.

मग त्यांना आठवलं. कॉम्प्युटर विकणाऱ्या विसनगरच्या इक्बालने पहिल्याच दिवशी एका बटणावर काळी चिकटपट्टी लावली होती. "बारोटकाका, याला मेलात तरी हात लावू नका. हे पुसायचं बटण." हमीरभाईंनी नखाने ती पट्टी सोलली. खालची अक्षरं आणि पडद्यावरची अक्षरं एकेक करून ताडून पाहिली. डी. ई. एल. ई. टी. शेपूट तेवढं वेगळं, बाकी तंतोतंत तीच.

यंत्र कंथरपुरा पुसत होतं.

रेवाबेन चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून कप त्यांनी जमिनीवरच ठेवला. "काय झालं? घामाने सदरा भिजलाय तुमचा."

"पुसतंय," हमीरभाई म्हणाले. "सगळे पुसले जातायत."

"मग बंद करते की," असं म्हणून रेवाबेन सरळ भिंतीकडे गेल्या आणि खालच्या बटणावर बोट ठेवलं. वाकून न पाहता, अंधारात आपल्या घरचा माठ सापडावा तसं.

"थांब! हात लावू नकोस!" का थांबवलं ते त्यांना सांगता आलं नसतं. पेटलेल्या घराचं दार उघडावं की लावावं, हे कळेना अशी त्यांची गत झाली होती. त्यांनी मोबाइल उचलला.

इक्बाल दात घासत होता. "बोला काका," तो फेस सांभाळत म्हणाला.

"पुसतंय रे! माझी माणसं पुसतंय! निळं झालंय, आधी उलटं मोजलं, आता पुसतंय!"

पलीकडे चूळ भरल्याचा आवाज आला. "दहापासून मोजलं? कुठलं बटण दाबलंत?"

"कुठलंच नाही. चष्मा शोधत होतो."

"चष्म्याने वाचवलं. आता नीट ऐका. कशाला हात लावायचा नाही. भिंतीचं बटणसुद्धा नाही. ते स्वतःची तपासणी करतंय, मोजताना बटण दाबलं असतंत तर ती टळली असती. मध्येच बंद केलंत तर मग खरंच जाईल."

"पण 'पुसतंय' असं लिहिलंय! कंथरपुराच्या आधी लिहिलंय!"

"नावाच्या पुढे काय आहे? टिंब असेल, त्याच्या पुढे तीन अक्षरं."

ओळ वर सरकत चालली होती. हमीरभाईंनी नाक काचेला टेकवलं. "टी... एम... पी."

"मग ती कच्ची प्रत. यंत्र काम करताना स्वतःसाठी करतं, नंतर फेकतं. पक्की वेगळी असते."

"पक्की आहे ना पण?"

इक्बालने आणखी एक चूळ भरली. "नव्वद टक्के असणार," तो म्हणाला. "तास लागेल. पडद्यावर आकडा वाढतोय ना, तो बघत बसा. मी दुकान उघडून फोन करतो."

नव्वद टक्के. एकशे चौदाचे दहा टक्के म्हणजे अकरा घरं आणि वर थोडं. अकरा घरं पायरीखाली उभी, आणि थोडं म्हणजे कोण, एखादी म्हातारी? हमीरभाईंच्या डोळ्यांपुढे ती रांग उभी राहिली. जायचीच असतील तर दक्षिणा देताना हात आखडणाऱ्या मणिलालच्या वाड्याची तीन घरं जावीत, असं क्षणभर मनात आलं आणि त्यांनी लगेच कान पकडले.

आकडा चोपन्नवर येऊन थांबला. पाच मिनिटं झाली, चोपन्नच. डब्यातून खर्र खर्र आवाज येत होता, उंदीर धान्याच्या कोठीत शिरावा तसा.

"एवढं काय घाबरताय?" रेवाबेन म्हणाल्या. "जुनी वही आहे ना पेटीत. नाही चाललं यंत्र तर ती न्या. दलपतभावजी दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी तोंड दुखेल त्यांचं."

रेवाबेन कोपऱ्यातल्या पेटीकडे वळल्या तसे हमीरभाई उठले आणि पेटीवरच बसले.

"उठा."

"नको उघडूस."

"अहो, उठा म्हणते ना."

ते उठले. रेवाबेननी लाल कापडाचं गाठोडं बाहेर काढलं, कपाळाला लावलं आणि गाठ सोडली. आत वर्तमानपत्रं होती. नीट घड्या घातलेली, वहीच्याच मापाची.

"नवी वही उतरवून झाली की जुनी नदीत सोडायची," हमीरभाई भिंतीकडे पाहत म्हणाले. "वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं. दिवाळीत यात सगळं चढवून झालं. सिद्धपूरला गेलो, सरस्वतीला पाणी होतं तेवढ्यात विधी केला आणि सोडली."

"आणि मला सांगितलंत पेटीत आहे."

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असते," रेवाबेन म्हणाल्या. त्यांनी वर्तमानपत्रं होती तशी बांधली आणि गाठ जरा जास्तच आवळली. "नदीत सोडली ती वही आम्ही दिवाळीपासून रोज पूजतोय. छान."

एवढ्यात इक्बालचा फोन आला. "किती झाले?"

"चोपन्न. कधीचे चोपन्न."

"राहू दे. असं अडतं. काका, मला एक सांगा, काल ते बंद कसं केलंत? मी दाखवलं होतं तसं? कोपऱ्यात जाऊन, मग 'बंद' म्हणून?"

"मी कधीच बंद करत नाही. ते दिवेलागणीला आपोआप निजतं."

"आपोआप?" इक्बाल म्हणाला. "काका, मी बारा वर्षं हा धंदा करतोय. कुणीतरी निजवल्याशिवाय ते निजत नाही."

हमीरभाईंनी मान वळवली. रेवाबेन पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"दिवा लावल्यावर वही उघडी ठेवू नये," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही यजमानांशी गप्पा मारत ओट्यावर बसता. मग मी भिंतीचं बटण बंद करते आणि वरून लाल कापड घालते; पहाटे कापड काढून बटण पुन्हा चालू करते. रोज."

"रोज?" फोनमधून इक्बालचा आवाज आला. "काकी, रोज?"

"रविवारीसुद्धा," रेवाबेन म्हणाल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

इक्बालने मोठा श्वास घेतला. "असं बघा. यंत्र निजायच्या आधी हातातलं काम जागेवर ठेवतं आणि शेवटी खूण करतं, की सगळं आवरलं. सकाळी ती खूण दिसली नाही की ते ओळखतं, काल आपल्याला अर्ध्यातून उठवलं. मग आधी सगळी कपाटं उघडून बघतं, काय कुठे सांडलं ते. एवढे दिवस थोडक्यात निभावलं. काल बंद झालं तेव्हा काय चाललं होतं?"

काल हमीरभाई नवी बाळं चढवत होते. अठरा वर्षांत जन्मलेली बाकीची आधीच चढली होती. गेल्या महिन्याची सात राहिली होती. कंथरपुरातून गावप्रमुख मुखींच्या नातवाने ती फोनवर सांगितली होती. सातवं नाव लिहिलं आणि ओट्यावर कुणी हाक मारली म्हणून ते उठून गेले होते.

"मग लिहीत असतानाच मान मुरगळली," इक्बाल म्हणाला. "बघू आता."

दोघं त्या पडद्यासमोर बसून राहिली. चहावर साय धरली. हमीरभाईंना आपल्या बोटांचा वास येत होता, कुंकू आणि घाम. चोपन्नचे पंचावन्न झाले तेव्हा त्यांनी रेवाबेनचा हात धरला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, दिवसाउजेडी असं पहिल्यांदाच घडत होतं. मग साठ, मग एकदम ऐंशी. मग पडदा काळा झाला. इतका काळा, की त्यात दोघांचे चेहरे दिसले.

हमीरभाईंनी डोळे मिटले.

"टेकडी आली," रेवाबेन म्हणाल्या.

टेकडी आली होती. फाइल उघडायला त्यांना तीन वेळा बोट टेकवावं लागलं. पहिलं घर होतं. दहावं होतं. मणिलालची तिन्ही घरं होती. एकशे चौदावं होतं. हमीरभाई प्रत्येक घराच्या शेवटच्या पिढीवर येऊन थांबले; कालची सात बाळं मात्र कुठे नव्हती.

"गेली ती," ते म्हणाले. "त्या घरांची पालवीच गेली. आयांना काय तोंड दाखवू?"

"लिहून घ्या," रेवाबेन म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही नाव लिहिताना मोठ्यांदा म्हणता. मी गहू निवडत होते. जिवाभाईच्या घरी ध्रुवील. शंकरभाईंकडे जुळी, हेली आणि हेत. कचराभाईंच्या नातीला मुलगा, नाही, ती दुसऱ्या कुळात गेली, सून म्हणते मी, तिला क्रिशा..." सहा नावं त्यांनी भराभर सांगितली. सातव्याला थांबल्या. "तेव्हा दूध उतू गेलं होतं."

हमीरभाई लिहीत होते. यंत्रात नाही, कागदावर. मग ते लिहीतच राहिले. पडद्यावरून एकेक घर वाचायचं, मोठ्यांदा म्हणायचं आणि शाईने उतरवायचं. अकराला अंगणात जीप वाजली तेव्हा एकशे चौदावं घर उतरलं होतं, चोवीस ताव भरले होते आणि मनगट सुजलं होतं.

कंथरपुराचे अंबाराम मुखी पांढरा साफा बांधून स्वतः आले होते. "बारोटजी, डब्बा कुठाय?" ते म्हणाले. "पोरं वायर ओढून बसलीत देवळात. सगळा गाव बघायला आलाय."

"डब्बा घरी राहील. मी कागद आणलेत."

"का? बिघडला?"

हमीरभाईंनी खोटं तयार ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा. मग त्यांना वर्तमानपत्रांचं गाठोडं आठवलं. "मुखी, एका बाळाचं नाव माझ्याकडून गेलं. महिन्याच्या आतलं आहे. मगनभाईंच्या घरचं असावं."

मुखींनी कागदांकडे पाहिलं. "मगन माझा धाकटा मुलगा," ते म्हणाले. "तो माझा पणतू. विवान." आणि मग साफ्याखालून हसले. "देवळात विचारलं असतंत तर पाणी विचारलं नसतं हो मी."

हमीरभाईंनी बोनेटवर ताव ठेवून नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकत राहिले.

"या वेळी बिदागी काय घ्याल?" मुखींनी विचारलं. "चांदीचं कडं सांगितलंय."

"एक कोरी वही द्या. जाड कागदाची, लाल पुठ्ठ्याची. चारशे पानी."

एकशे चौदा घरं पायरी चढली. हमीरभाई परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. रेवाबेन देवापुढे दिवा लावून कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या, हातात लाल कापड घेऊन, भिंतीपासून चार पावलं लांब. हमीरभाईंनी चप्पलसुद्धा न काढता कोपऱ्यात बाण नेला आणि इक्बालने दाखवलं होतं तसं बंद केलं. डब्यात खर्र खर्र सुरू झालं.

"घालू?" रेवाबेननी विचारलं.

"थांब," हमीरभाई म्हणाले. "अजून आवरतंय ते."