कुस्कुस वळायच्या आधीची सुई

सल्वाच्या जिभेला लगाम म्हणून नव्हता. डॉक्टरने विचारलं, "खाला, दुखतं कुठे?" आणि मबरूका तोंड उघडते तोवर सुनेने सगळं ओकून टाकलं. हात वर जात नाही, त्या कुशीवर निजवत नाही, डोक्याचा रुमालही मीच बांधते. परक्या माणसापुढे सासूची अब्रू काढली की!

डॉक्टर म्हणाला, "खांद्यातली गादी सुजलीय. सुया दोन तऱ्हेच्या. स्टेरॉइडची घेतली तर थोड्या दिवसांत आराम पडतो, पण तो टिकेलच असं नाही, आणि ती सारखी देता येत नाही. दुसरीत तुमचंच रक्त काढून, घुसळून परत टोचायचं. आधी ठणका, मग सावकाश उतार. कुणाला लागू पडते, कुणाला नाही."

"पहिली दे बाबा. वर्षभराचा कुस्कुस, रव्याचे बारीक दाणे, वळायचा दिवस तोंडावर आलाय."

"आणि सुईनंतर लगेच परातीत रवा रगडला तर?" सल्वाने नाक खुपसलंच.

"दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं नव्हे. काही आठवडे रगडणं बंद."

मबरूका कडाडली, "मग वळणार कोण? ही? हिच्या माहेरी कुस्कुस पुडीतून निघतो!"

"तुम्ही शिव्या द्या आई, मी वळते."

सुई लागू पडली. वळायच्या दिवशी मबरूकाने रुमाल स्वतःच्या हाताने बांधला आणि ताठ मानेने अंगणात आली. बघते तर मोठ्या परातीपुढे, थोरलीच्या जागेवर, सल्वा! वळायला जमलेल्या शेजारणी माना वर करून बघू लागल्या.

"ऊठ. हात बरा झालाय माझा."

"म्हणूनच नाही उठत. हनिया काकूंना विचारा."

मबरूकाची जाऊ हनिया कोपऱ्यात रवा चाळत होती, डाव्या हाताने. "खरंय गं बाई," ती म्हणाली. "मीही हीच सुई घेतली, बरं वाटलं म्हणून लगेच परात धरली. आता उजव्याने घासही उचलवत नाही."

मबरूका परातीजवळ आली. मग सुनेशेजारी बसली.

"अगं, चिखल करतेस का? पाणी शिंपड, ओतू नकोस! बोटं नको, तळवा फिरव. गोल, गोल."

उन्हं चढली तसे दाणे सुटे पडू लागले. मबरूकाने चिमूटभर तळहातावर घेऊन न्याहाळले. आता सगळ्या बायांचे कान तिच्याकडेच.

"सल्वा, तू उद्धट आहेस, ते मी मरेपर्यंत म्हणणार. पण दाणा नेटका पडलाय. पुढच्या साली हा खांदा चालला तर दोघी मिळून वळू. पाणी मात्र मीच शिंपडणार."